बुवांची कवळी

गेल्या श्रावणात सप्ताहाला गावी गेलो होतो. गाव पेडणे तालुक्यात, नाव सांगत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात एका माणसाच्या तोंडाची गोष्ट आहे आणि ती त्याने मला विश्वासाने सांगितलेली आहे. सप्ताह म्हणजे काय हे तुम्हांला सांगायला नको. समई, अहोरात्र चाललेलं भजन, पाळी संपवून खांबाला टेकून डुलक्या काढणारे म्हातारे, पहाटेचा चहा. रात्री दीडच्या सुमारास आमच्या वाड्याची पाळी सुरू झाली आणि मी पुढे सरकून बघतो, तर पेटीसमोरच्या जागेवर बुवा नाहीत. तिथे त्यांचा पुतण्या बसलेला. बुवा मागे, भिंतीकडे, हातात झांज घेऊन.

मला कळायला लागल्यापासून ती जागा बुवांची. संगीत नाटकांत त्यांनी कामं केली, पेडण्याच्या पुनवेला रात्रभर जागून गायले, डिचोलीच्या नव्या सोमवाराच्या बैठकी ऐकून येताना वाटेत चालत चालत त्या चिजा आम्हां पोरांना म्हणून दाखवल्या. असा माणूस झांज वाजवतो आहे आणि तोंड मिटून बसला आहे, हे बघवेना. पाळी संपल्यावर बाहेर पेळेवर बसलो तेव्हा विचारलं. ते म्हणाले, "दत्त म्हणूंक गेलों की वारो भायर सरता रे बाबा. पोरां हांसतात." आणि तोंड उघडून दाखवलं. वर तीन दात, खाली चार, तेही हलणारे.

व्याकरणाच्या पुस्तकात त, थ, द, ध, न, ल, स ही अक्षरं दंत्य म्हणून शिकलो होतो. शाळेत ते पाठ केलं आणि विसरलो. त्या रात्री पहिल्यांदा त्याचा अर्थ कळला. संत, साधू, नाथ, दत्त, सदन, आनंद... आपल्या अभंगांतले अर्धेअधिक शब्द दातांच्या आधाराने उभे आहेत. विठ्ठलाचं नाव एक वेळ निभावून नेता येईल. दत्ताचं नाही.

बुवांचं वय सत्तरीच्या आत आहे. म्हातारपणी दात जायचेच, त्यात काय मोठंसं, असं म्हणणाऱ्यांसाठी हे मुद्दाम सांगतो. हे दात म्हातारपणाने गेलेले नाहीत. एकेक करून काढले गेलेले आहेत, आणि त्यातले निदान निम्मे वाचवता आले असते. कसं ते ऐका.

पहिली दाढ दुखली त्याला वीस-बावीस वर्षं झाली. लवंग दाबून झाली, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, कुणीतरी अकलकारा आणून दिला. मग सूज आली तेव्हा ते तालुक्यातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात गेले. तिथे दातांची खुर्ची होती, डॉक्टरही होते, पण आठवड्याचे ठरावीक दिवस. त्या दिवशी नव्हते. सूज उतरायच्या गोळ्या मिळाल्या. ठरलेल्या दिवशी पुन्हा गेले तर खुर्चीचा कॉम्प्रेसर बंद. कीड साफ करून दात भरायचा तर हवेच्या दाबावर फिरणारं यंत्र लागतं, ते नाही. डॉक्टर भला माणूस, म्हणाला, भरता येणार नाही, रूट कॅनाल इथे होत नाही, बाहेर करून घ्या. नाहीतर काढून टाकू. बाहेर विचारलं. त्या काळातला आकडा आज हास्यास्पद वाटेल, पण बुवांची त्या काळातली मिळकतही तशीच होती. बुवा म्हणाले, काढा.

दात काढायला भुलेचं एक इंजेक्शन, एक चिमटा आणि दहा मिनिटं लागतात. दात वाचवायला दोन-तीन खेपा, एक्स-रे, बारीक सुया, भरायचं सामान आणि दर खेपेला अर्धा-पाऊण तास. बाहेर बाकावर चाळीस माणसं बसलेली असताना सरकारी डॉक्टरने काय करावं? ओळखीतल्या एका सरकारी दंतवैद्याने मला अगदी मोकळेपणाने सांगितलं होतं, "एकाचा दात वाचवायचा तर सहाजण दुखत घरी परत पाठवावे लागतात. मी चिमटा उचलतो." त्याला मी दोष देत नाही. पण हा हिशेब वीस वर्षं चालला की तोंडात सात दात उरतात.

आता सांगू नका की बांबोळीला जायचं होतं. ते गेले. ती गोष्ट वेगळी सांगायला हवी.

गोव्यात वैद्यकीचं शिक्षण १८४२ सालापासून आहे. पोर्तुगिजांच्या त्या 'इश्कोल'चा वारसा आजचं गोवा मेडिकल कॉलेज सांगतं आणि आपण सगळे अभिमानाने छाती फुगवतो. दंत महाविद्यालय आलं १९८० साली, म्हणजे एकशे अडतीस वर्षांनंतर. संपूर्ण राज्यात आजही ते एकच आहे. चांगलं आहे, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. माझी एक अक्कलदाढ तिथल्याच एका शिकाऊ डॉक्टरणीने काढली, तिच्या मागे तिचे सर उभे, आणि इतक्या काळजीने की खाजगीत पैसे मोजूनही अशी काळजी क्वचित मिळावी. शिकणारे हात हळू चालतात, पण प्रत्येक पायरी तपासून घेतली जाते. त्यामुळे संस्थेबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती आपल्या दारापासून त्या दारापर्यंतच्या अंतराबद्दल.

बुवांच्या घरून पेडणे, पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून पणजी, पणजीहून बांबोळी. नशीब असेल तर एखादी बस वाचते. सकाळी केस पेपरच्या रांगेत वेळेवर उभं राहायचं तर घरातून काळोखात निघायला हवं. आणि पूर्ण कवळी ही काही एका खेपेत मिळणारी वस्तू नाही. आधी उरलेले दात आणि मुळं काढायची. मग हिरड्या भरून यायला काही आठवडे जाऊ द्यायचे. मग पहिलं माप. मग पक्कं माप. मग मेणाच्या कड्या तोंडात धरून वरचा आणि खालचा जबडा कसा मिळतो ते बघायचं. मग मेणात बसवलेले दात घालून बघायचे, बोलून बघायचे. मग कवळी हातात. आणि त्यानंतर ती जिथे टोचते तिथे घासून घ्यायला आणखी एक-दोन खेपा. यातली एकही पायरी फालतू नाही. घाईने बनवलेली कवळी डब्यात पडून राहते, अशी निदान चार माणसं मी ओळखतो.

म्हणजे सात-आठ खेपा. बुवांना एकट्याला जमत नाही, मुलगा बरोबर हवा. मुलगा एका दुकानात कामाला, खाडा केला तर पगार कापतात. दोघांचं येण्या-जाण्याचं भाडं, दुपारचं खाणं, बुडालेली हजेरी. उपचार जवळजवळ फुकट आणि तरी प्रत्येक खेप घरच्यांना हजार-बाराशेला पडते. बुवांच्या खात्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिन्याला दोन हजार रुपये यायचे. खाजगीत कवळीचे वीस हजार सांगितले होते, म्हणजे दहा महिने काही न खाता-पिता पैसे साठवायचे. (कवळी नसताना न खाणं तसं सोपंच, असा विनोद बुवांनीच केला.) त्यांनी बांबोळीच्या दोन खेपा केल्या, दात काढून घेतले त्यातले काही, तिसऱ्या वेळी मुलाला रजा मिळाली नाही, मग पाऊस, मग चतुर्थी. फाईल कपाटावर गेली.

हे एकट्या पेडण्याचं नाही. मी आता बरीच वर्षं डिचोलीत राहतो. आमच्या शेजारचा एकजण खनिजाचा ट्रक चालवायचा. २०१२ साली खाणी थांबल्या, मग मध्ये सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा थांबल्या. कर्जाचे हप्ते सुरू, गाडी दारात उभी. अशा वेळी घरातला पहिला खर्च कुठला कापतात? पोरांची फी नाही, म्हाताऱ्यांची रक्तदाबाची गोळी नाही. दाताचा. 'पुढच्या महिन्यात बघू' हे वाक्य दाताइतकं दुसऱ्या कुठल्याच अवयवाला ऐकावं लागत नसेल. त्याच्या बायकोची एक दाढ भरून घ्यायला सातशे-आठशे पुरले असते. दीड वर्षाने त्याच दाढेच्या रूट कॅनाल आणि कॅपला आठ हजार सांगितले. मोलमजुरीच्या हिशेबात पंधरवड्याची हजेरी. तिनेही तेच सांगितलं जे बुवांनी सांगितलं. काढा.

हे असं का होतं, याचा विचार करताना मला वाटतं की दाताला आपण आजार मानतच नाही. भाषेत दात किती! दात आहेत तर चणे नाहीत, आपलेच दात आपलेच ओठ, दातओठ खाणं, दाती तृण धरणं, दात कोरून पोट भरत नाही. म्हणींत सगळीकडे आणि अंदाजपत्रकात कुठेही नाही. सरकारलाही आपणच ही सवय लावली आहे. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना २०१६ साली आली. तिघांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंतचं संरक्षण. चांगली योजना, कितीतरी घरं तिने सावरली. पण अशा सगळ्या योजनांचा पाया इस्पितळातली खाट हा असतो. मोठं दुखणं, भरती, शस्त्रक्रिया, बिल. दाताचा रुग्ण खुर्चीत बसतो, खाटेवर झोपत नाही. म्हणून तो त्या जाळ्यातून अलगद खाली पडतो.

यात आपण एकटे नाही, हेही सांगून टाकतो. विलायतेत १९४८ साली सर्वांना मोफत आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा चष्म्यांसाठी आणि कवळ्यांसाठी नुसती झुंबड उडाली. तीन वर्षांत सरकारला खर्च झेपेना. १९५१ च्या अंदाजपत्रकात कवळी आणि चष्म्याला पैसे आकारायचं ठरलं आणि ती सेवा ज्याने उभी केली त्या अन्यूरिन बेव्हनने मंत्रिपदाचा राजीनामा दिला. कवळीपायी! आपल्याकडे कुठल्या मंत्र्याने कवळीसाठी खुर्ची सोडलेली माझ्या ऐकिवात नाही. आज तिथे सरकारी दंतवैद्य मिळणं इतकं कठीण झालं आहे की स्विंडनला राहणारा माझा एक वर्गमित्र दर दोन वर्षांनी सुट्टीवर येतो तेव्हा पहिले चार दिवस म्हापशात दात करून घेतो आणि मग देवाला जातो. तो पौंडांत कमावतो, त्याला परवडतं. किनाऱ्यावर येणारे परदेशी पाहुणेही उन्हात पडायला येतात आणि जाता जाता दात चकचकीत करून जातात. त्याच तालुक्यातला मनुष्य, मोरजीपासून तासाभरावर राहणारा, तोंडावर हात धरून हसतो.

पेडणे, डिचोली, सत्तरी या नव्या काबिजादी. अठराव्या शतकाच्या शेवटी शेवटी पोर्तुगिजांच्या हाती आलेल्या. पेडणे १७८८ मध्ये. जुन्या काबिजादींना जे मिळालं ते इथे उशिरा पोचलं. शाळा, रस्ता, डॉक्टर, सगळं. मुक्तीनंतर हे अंतर मिटायला हवं होतं. बरंच मिटलंही, नाही म्हणत नाही. पण कधी कधी गंमत वाटते. ११ डिसेंबर २०२२ ला मोपाच्या विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याच दिवशी धारगळच्या आयुर्वेद संस्थेचंही. दोन्ही पेडणे तालुक्यात, दोन्ही देशपातळीवरच्या. आणि तुयेच्या इस्पितळाची इमारत उभी राहूनही ते सुरू व्हावं म्हणून त्याच तालुक्यातल्या लोकांना वर्षानुवर्षं मागणी करावी लागली, आंदोलनं करावी लागली. आकाशातून येणाऱ्याची सोय आधी आणि बसने जाणाऱ्याची नंतर.

शिबिरांचं काय, असं कुणी म्हणेल. शिबिरं होतात. मी स्वतः दोन शिबिरांच्या आयोजनात होतो, त्यामुळे जरा हक्काने बोलतो. मंडप, पाहुणे, दीपप्रज्वलन, शाळेतल्या मुलांना ब्रश आणि पेस्ट, मोठ्यांची तपासणी, आणि शेवटी प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी: पुढील उपचारासाठी बांबोळी. म्हणजे ज्याला तिथे पोचता येत नाही म्हणून आपण शिबिर भरवलं, त्याला आपण तिथेच पाठवतो. वर्तमानपत्रात फोटो येतो तो मात्र हसऱ्या चेहऱ्यांचा. दुसऱ्या शिबिरानंतर मी त्या कामातून अंग काढून घेतलं, आणि हे आज कबूल करतो की ते चूकच केलं. शिबिर बंद करण्यापेक्षा त्या चिठ्ठीचं पुढे काय झालं याचा पाठपुरावा करायला हवा होता.

आपला स्वतःचा वाटाही यात आहे. आंब्याचं पान, कोळसा, मीठ इथपर्यंत ठीक होतं. मग मशेरी आली, ट्यूबमधून मिळणारी तपकिरीची पेस्ट आली, जिने दात घासता घासता बायका तिच्या आहारी गेल्या. तंबाखू घातलेल्या टूथपेस्टवर केंद्राने १९९२ साली बंदी आणली. गोव्याने गुटख्यावर २००५ मध्ये कायद्याने बंदी घातली, यामागे डॉ. शरद वैद्य यांच्यासारख्या शल्यविशारदाची कित्येक वर्षांची तंबाखूविरोधी मोहीम होती. कायदे झाले, पुड्या गेल्या नाहीत. तोंडाचा कर्करोग सुरुवातीला एक पांढरा चट्टा म्हणून दिसतो, दुखत नाही, रुग्णाला कळत नाही. तो दिसतो दातांच्या डॉक्टरला. आता विचार करा: खुर्ची बंद आहे म्हणून जो माणूस दात दाखवायला जात नाही, त्याचा तो चट्टा कोण बघणार?

मग करायचं काय? मी डॉक्टर नाही, पण काही गोष्टींना डॉक्टर असावं लागत नाही.

हातानेच कीड खरवडून काढायची आणि सिमेंटसारख्या एका पदार्थाने दात भरायचा, यंत्र नको, वीज नको, ही पद्धत ऐंशीच्या दशकात टांझानियात निघाली. बुवांचा कॉम्प्रेसर तेव्हा जगाने असा पार केला होता. ते सिमेंट आणि फ्लोराइडची पेस्ट या दोन्ही गोष्टी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातल्या. दुसऱ्या वर्षी त्याच संघटनेने सांगितलं की जगात साडेतीनशे कोटी लोकांना तोंडाचे आजार आहेत, जवळजवळ अर्धी माणुसकी. तेव्हा कॉम्प्रेसर बंद आहे म्हणून दात भरता येत नाही, हे उत्तर चालू नये. ज्या दाढेत कीड अजून वरवर आहे तिला तरी नाही.

कवळीचं सांगायचं तर शेजारी बघा. कर्नाटकात २०१४-१५ च्या सुमारास 'दंत भाग्य' योजना सुरू झाली, गरीब ज्येष्ठांना फुकट कवळी, दंत महाविद्यालयांमार्फत. केरळात तशाच योजनेला 'मंदहासम' असं नाव दिलं आहे. मंद हास्य. सरकारी योजनेला इतकं सुंदर नाव मी दुसरं ऐकलेलं नाही. आपलं राज्य त्या दोघांपुढे एवढंसं. आपल्याला तर नवी योजनाही नको, फक्त माणसाऐवजी माप फिरवायचं आहे. महाविद्यालयातल्या शिकणाऱ्या डॉक्टरांचा एक गट त्यांच्या सरांसह आठवड्यातून एक दिवस पेडण्यात आणि एक दिवस डिचोलीत, आहे त्या आरोग्य केंद्रात बसला, माप तिथे घेतलं, साचा बांबोळीच्या प्रयोगशाळेत गेला आणि मेणाचे दात पुढच्या आठवड्यात परत आले, तर बुवांच्या आठ खेपांतल्या सहा गावाजवळ होतात. साच्याला केस पेपरच्या रांगेत उभं राहावं लागत नाही आणि साच्याच्या मुलाचा पगार कापला जात नाही. विद्यार्थ्यांना रुग्ण मिळतील ते वेगळेच. यावर 'मनुष्यबळ नाही' हे उत्तर येईल, मला माहीत आहे. दरवर्षी त्याच महाविद्यालयातून दंतवैद्य बाहेर पडतात, त्यातले कितीतरी कमी पगारावर दुसऱ्याच्या दवाखान्यात राबतात, कुणी परदेशाच्या परीक्षा देत बसतात. मनुष्यबळ आहे. पद नाही.

आमच्या पंचायतींनीही एक गोष्ट करायला हरकत नाही. ग्रामसभेत रस्ता, गटार, दिवा यांच्यावर आपण तावातावाने बोलतो. आरोग्य केंद्रातली दातांची खुर्ची किती दिवस चालू होती, किती दात भरले आणि किती काढले, हे तीन आकडे वर्षातून एकदा विचारा. भरलेले आणि काढलेले यांचा मेळ बघितला की त्या केंद्राची तब्येत आपोआप कळेल. माहिती अधिकाराचा अर्ज करायलाही फार खर्च येत नाही. आमच्या वाड्यावरच्या तिघा मुलांनी तो लिहायला घेतला आहे, मसुदा माझ्याकडे तपासायला आला आहे, त्यात शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत पण प्रश्न बरोबर आहेत.

राहता राहिले बुवा. सप्ताहानंतर मी दोनदा गावी गेलो, दोन्ही वेळा ते विषय टाळत राहिले. गेल्या आठवड्यात त्यांच्या सुनेचा फोन आला. कपाटावरची फाईल सापडली आहे, एका कोपऱ्याला वाळवी लागली आहे पण नंबर वाचता येतो. मुलाला रजा नाहीच. तेव्हा येत्या मंगळवारी मीच त्यांना घेऊन बांबोळीला जाणार आहे. आदल्या रात्री गावी मुक्काम, पहाटे पहिली बस. बुवांनी फोनवर एवढंच विचारलं की मेणाचे दात घालून बघतात त्या दिवशी तिथे थोडं गाऊन बघितलं तर डॉक्टर रागावतील का. मी म्हटलं, विचारून बघू.